साहसाचा हिशेब

निपाणीहून बेळगावकडे निघाले की स्तवनिधीजवळ तवंदीचा घाट लागतो. पावसाळा सरला की सुट्टीच्या दिवशी पहाटे या घाटात ट्रकांच्या रांगेच्या कडेने सायकलींचे बारीक दिवे चढताना दिसतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत, असे या मंडळींचे गणित असते. ब्रेव्हे म्हणतात या प्रकाराला. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा क्रमांक कोणी काढत नाही. ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा आणि वेळेत पोचायचे, एवढेच. पदक हवे असेल तर त्याचेही पैसे भरायचे. चहाच्या टपरीवर हे लोक थांबले की शेजारच्या बाकावरचा म्हातारा विचारतो, "बक्षीस किती हाय?" काही नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग कशाला ओ एवढा तरास?"

या प्रश्नाला आपण हसून बाजूला सारतो. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठी माणसाच्या जगात साहसाची मोठी लाट आली. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले तेव्हा तो सगळ्या महाराष्ट्राचा सोहळा झाला. २०१२ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली नागरी मोहीम काढून आठ जण त्याच शिखरावर नेले. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीने अमेरिका सायकलवरून आडवी पार केली. समुद्रापासून समुद्रापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची ती शर्यत. दोन वर्षांनी नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करातले लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकेकट्याने बारा दिवसांच्या आत संपवली. मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या तोंडावर आयर्नमॅन केले, म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन. आता तर कोल्हापूर, बेळगाव, सांगलीत असा आयर्नमॅन एखाद्या गल्लीत सापडतोच, आणि त्याचे अभिनंदन करणारे फलक चौकात लागतात.

चौकातला फलक आणि टपरीवरचा प्रश्न ही आपल्याकडची दोन टोके आहेत. एकीकडे डोळे दिपलेले कौतुक, दुसरीकडे 'खाऊन-पिऊन सुखी लोकांचे चोचले' असा तुच्छतेचा निकाल. दोन्हीकडे एक गोष्ट राहून जाते. साहसाचा हिशेब कोणी मागत नाही. हे सोसणे कोणाच्या पैशावर झाले, कोणाच्या अंगमेहनतीवर झाले, चुकले असते तर कोणाला धावावे लागले असते, आणि परत आल्यावर त्या माणसाने काय दिले? माणसाने किती सोसले यावरून मी साहसाचे मोल ठरवत नाही. हा हिशेब तो उघडपणे मांडतो की नाही, यावरून ठरवतो.

किती सोसले यावर मोजायचे म्हटले तर आमच्या चिकोडी-निपाणी भागात आयर्नमॅनला कोणी विचारणार नाही. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडच्या आणि विजापूरकडच्या टोळ्या चिकोडी, रायबाग, निपाणीच्या फडांत उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. अंधार असतानाच फडात शिरायचे, उसाच्या बुडाशी वाकून तोडायचे, वाढे छाटायचे, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन तिरप्या फळीवरून ट्रॉलीत चढायचे. गाडी रात्री दोनला आली तर दोनला उठून भरायची. हे एका दिवसाचे नाही, एका हंगामाचेही नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत, म्हणजे बहुतेकदा पुढच्या उचलीपर्यंत, हे चालते. या बायकांनी गर्भाशये काढून घेतल्याचा प्रश्न २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात गाजला. मजुरी बुडू नये म्हणून शरीराचा अवयवच काढून टाकण्यापर्यंत वेळ आली होती.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत हीच गोष्ट वेगळ्या रूपात घडत होती. नाकातोंडात जर्द्याची धूळ घेत दिवसभर कुटणे आणि चाळणे हे बायकांचे काम. त्या बायका ऐंशीच्या दशकाच्या तोंडावर संघटित झाल्या, संपावर गेल्या, आणि युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये त्यांच्याबरोबर बसून माहितीपट केला. त्या बायकांनी मागितली ती मजुरी, कामाचे ठरलेले तास आणि माणुसकीची वागणूक. आमच्या सोशिकतेचे कौतुक करा, असे त्या म्हणाल्या नाहीत.

म्हणून 'ऊसतोड बाई रोज आयर्नमॅन करते' असे वाक्य कोणी टाळीसाठी म्हटले की मला अवघडल्यासारखे होते. त्यात तिचा गौरव नाही. तिला थांबता येत नाही, ही मुख्य गोष्ट त्या वाक्यात झाकली जाते. तवंदी घाटात पोटऱ्या आखडलेला सायकलवाला ब्रेव्हे सोडून देऊ शकतो. घरी फोन करतो, गाडी येते, सायकल मागे टाकून तो परत जातो. फार तर त्याच्या नावापुढे अपूर्ण असा शेरा पडतो. कोयत्याला ही सोय नाही. दोघांच्या शरीरातली वेदना कदाचित सारखीच असेल, पण थांबण्याचा अधिकार एकालाच आहे. साहस म्हणजे मुळात या अधिकाराचा वापर. ज्याला नको म्हणता येते, तोच हो म्हणू शकतो.

टपरीवरच्या म्हाताऱ्याचा आक्षेप इथपर्यंत मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून तो जो निष्कर्ष काढतो तो मान्य नाही. काही लोकांना कष्ट निवडता येत नाहीत, म्हणून ज्यांना निवडता येतात त्यांनी ते निवडू नयेत, असे होत नाही. ही निवड फार थोड्यांच्या वाट्याला येते, तर ती घेणाऱ्यावर जबाबदारी चढते, असे होते. ती जबाबदारी कशी पेलायची, याची जुनी रीत याच मातीत आहे, आणि ती पाहायला आल्प्सपर्यंत जावे लागत नाही.

दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या संगमाजवळ भोज नावाचे गाव आहे. पूर्वी ते चिकोडी तालुक्यात होते, आता निपाणी तालुक्यात आहे. या गावच्या पाटील घराण्यातले सातगौडा, जन्म १८७२चा, पुढे आचार्य शांतिसागर महाराज झाले. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला त्यांनी नव्याने उभारी दिली. त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग येतो. तरुण सातगौडा अंगाने इतके बळकट होते की नदीला पाणी असताना आदिसागर मुनींना खांद्यावर बसवून पलीकडे नेत. १९२० मध्ये यरनाळला त्यांनी मुनिदीक्षा घेतली आणि मग दक्षिणेतून उत्तरेत सम्मेद शिखरजीपर्यंत, दिल्लीपर्यंत पायी विहार केला. चिकोडी तालुक्यातल्या सदलग्याचे विद्याधर अष्टगे, जन्म १९४६चा, हे पुढे आचार्य विद्यासागर झाले. १९६८ मध्ये अजमेरला दीक्षा घेतल्यापासून २०२४ च्या फेब्रुवारीत डोंगरगडला समाधी घेईपर्यंत तेही पायीच चालले. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारा सदलग्याचा मुलगा पुढे हिंदीत 'मूकमाटी' हे महाकाव्य लिहून गेला, ही आमच्या सीमाभागाला शोभणारीच गोष्ट.

मुनींना साहसवीर म्हणणे त्यांना आवडले नसते, आणि ते बरोबरही नाही. विक्रम हे त्यांचे ध्येय नव्हते, शरीराची ताकद दाखवणे तर नव्हतेच. तरीही सहनशक्तीचा विचार करणाऱ्याने त्यांच्या नियमांकडे बघायला हवे. दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार. त्यात केस किंवा किडा दिसला तर अंतराय, म्हणजे त्या दिवशीचे जेवण तिथेच संपले. चालताना चार हात पुढची जमीन बघायची, पायाखाली जीव जाऊ नये. पावसाळ्याचे चार महिने चालणे बंद, कारण त्या दिवसांत वाटेवर जीवजंतू जास्त असतात. दिवसभरात काय चुकले ते रोज प्रतिक्रमणात आठवायचे आणि गुरूंपुढे कबूल करायचे. १९५५ मध्ये शांतिसागर महाराजांची दृष्टी गेली तेव्हा पुढची वाट बघून चालणे शक्य नव्हते. नजर नसताना अहिंसा पाळता येणार नाही, म्हणून त्यांनी कुंथलगिरीवर सल्लेखना, म्हणजे आमरण उपवासाचे व्रत, घेतली आणि छत्तिसाव्या दिवशी देह ठेवला. सल्लेखनेबद्दल आजच्या कायद्याच्या जगात वेगळी मते आहेत, आणि त्या वादात मी इथे शिरत नाही. मला त्या निर्णयातला तर्क दिसतो. आपल्या तपाची किंमत दुसऱ्या जिवाने मोजू नये, असा तो तर्क आहे.

आणखी एक गोष्ट. पिंछी-कमंडलूखेरीज काही न बाळगणारा मुनीही एकटा नसतो. वाटेवरचे श्रावक आहार देतात, संघ बरोबर असतो, चौका लावणाऱ्या, म्हणजे मुनींचा आहार रांधणाऱ्या, बायका पहाटेपासून राबतात. ही परंपरा ते लपवत नाही. दान देणाऱ्याला तिथे मान आहे, आहार देणे हे पुण्य मानले जाते. आधुनिक साहसाने 'एकट्याने केले' या शब्दांचा एवढा सोस धरला की देणाऱ्यांची नावे खालच्या ओळीत बारीक अक्षरांत गेली.

तरी एकट्याच्या साहसाचे एक उत्तम उदाहरण आमच्याच जिल्ह्यातल्या नदीचे नाव घेऊन जगभर फिरले आहे. म्हादई खानापूर तालुक्यात उगम पावते आणि पुढे गोव्यात मांडवी होते. बेळगाव जिल्ह्यात म्हादई म्हटले की लोकांना कळसा-भंडुरा आणि पाणीवाटपाचा तंटाच आठवतो. पण म्हादई नावाची एक ५६ फुटांची शिडाची नौकाही आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी हे १९७१ च्या युद्धातले वीरचक्र विजेते, निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहिलेले. भारतीय माणसाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हे त्यांचे जुने स्वप्न. ते स्वप्न नौदलाने उचलले, कमांडर दिलीप दोंदे पुढे आले, आणि नौका बांधायचे काम गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांनी घेतले. महासागर ओलांडणारी अशी नौका त्यांच्या कारखान्यात त्याआधी कधी झाली नव्हती. ऑगस्ट २००९ मध्ये दोंदे मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परत आले. वाटेत चार बंदरांत थांबले. हा प्रवास करणारे ते पहिले भारतीय.

पुढे काय झाले ते मला त्या प्रवासापेक्षाही मोलाचे वाटते. दोंदे यांनी आपला अनुभव पुस्तकात लिहून ठेवला. २०१२ मध्ये अभिलाष टॉमी त्याच म्हादईतून न थांबता प्रदक्षिणेला निघाले तेव्हा किनाऱ्यावरून त्यांना साथ देणारे दोंदेच होते. १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३, कुठेही पाय न टेकता. मग दांडेकरांच्या कारखान्यातून तारिणी ही दुसरी नौका उतरली. तिच्यातून वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी सप्टेंबर २०१७ मध्ये निघाल्या आणि मे २०१८ मध्ये परतल्या. २०२४-२५ मध्ये त्याच तारिणीतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच जगाला वळसा घालून आल्या. आवटी २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये गेले, पण त्यांचे स्वप्न तोपर्यंत त्यांच्या एकट्याचे उरले नव्हते. नौदलाचा पैसा म्हणजे आपलाच पैसा, तो एका माणसाच्या हौसेवर का खर्चावा, असे कोणी विचारले तर मी ही साखळी पुढे ठेवीन. पहिल्या माणसाने शिकलेले दुसऱ्याच्या हाती गेले, बेटावरच्या एका कारखान्याने नवी कारागिरी मिळवली, आणि पंधरा वर्षांत एकाचे काम अनेकांचे झाले.

कारागिरीवरून आठवले. जगात पहिल्यांदा एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा झाली ती १९६८-६९ मध्ये, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हातून. त्यांची 'सुहैली' ही सागवानी नौका मुंबईत, भारतीय सुतारांनी बांधलेली होती. विक्रमाच्या यादीत नाव एकाचे येते. त्या सुतारांची नावे मला कुठल्याही यादीत सापडत नाहीत आणि त्याची खंत वाटते.

नॉक्स-जॉन्स्टन यांची ती प्रदक्षिणा एका शर्यतीतली होती. त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा एक इंग्रज होता. नौका कच्ची, कर्ज डोक्यावर, माघार घेतली तर घर जाईल अशी स्थिती. त्याने अटलांटिकमध्येच घिरट्या घालत खोटी ठिकाणे कळवायला सुरुवात केली आणि खोटी नोंदवही लिहायला घेतली. जुलै १९६९ मध्ये त्याची नौका रिकामी सापडली. नोंदवह्या आत होत्या, माणूस नव्हता. नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपल्याला मिळालेले पाच हजार पौंडांचे बक्षीस क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले. साहसात खोटे बोलणाऱ्याला मी माफ करत नाही, पण क्रोहर्स्टला ज्या जागी आणून उभे केले गेले ती जागा पाहिली की राग त्याच्यावर एकट्यावर काढता येत नाही. पैसे लावणारे, जाहिरात करणारे, वर्तमानपत्रात नकाशे छापणारे, सगळ्यांनी त्याच्या थांबण्याच्या वाटा बंद केल्या होत्या. ज्याचा माघारीचा अधिकार काढून घेतला त्याचे साहस संपले. उरते ती फक्त उचल फेडणे. या एका बाबतीत क्रोहर्स्ट आणि कोयता एकाच बाजूला उभे राहतात, आणि आजचे प्रायोजक, समाजमाध्यमांवरचे चाहते, गावभर वर्गणी काढून शिखरावर पाठवणारे शुभचिंतक यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. वर्गणी देताना आपण त्या मुलाला दोर देतो की दावे, हे आधी स्पष्ट करायला हवे.

वर्गणीचे ओझे घेऊन गेलेली किती तरी पोरे हिमालयात असतात. पुण्यातल्या एका पोलीस दांपत्याने २०१६ मध्ये एव्हरेस्ट गाठल्याचा दावा केला. त्यांची छायाचित्रे बनावट निघाली, नेपाळने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली आणि पुढे नोकरीही गेली. त्याच पर्वतावर कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकरला २०२१ मध्ये खराब हवामानामुळे वरूनच परतावे लागले. ती परतली, पुन्हा तयारी केली आणि मे २०२२ मध्ये शिखरावर पोचली. फलक लागला तो २०२२ चा. मला मात्र २०२१ ची माघार तेवढीच मोठी वाटते. कोल्हापूरभर आपली वाट बघणारे लोक असताना रिकाम्या हाताने खाली यायला जे लागते, ते शरीरातून येत नाही.

एव्हरेस्टचा हिशेब मात्र अजून चुकता झालेला नाही. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबू हिमप्रपातात हिमकडा कोसळून सोळा माणसे गेली. सगळी नेपाळी, सगळी दुसऱ्यांच्या मोहिमेसाठी दोर आणि सामान वर नेणारी. मे २०१९ मध्ये शिखराखालच्या कड्यावर लागलेल्या रांगेचे छायाचित्र जगभर गेले. त्या हंगामात एव्हरेस्टवर अकरा जण मेले, त्यांत आपल्याकडचेही होते. रांगेत उभे राहणारे कित्येक जण कर्ज काढून, नोकरी पणाला लावून आलेले असतात. त्यामुळे पुढचा परत फिरत नाही आणि मागच्याला जागा मिळत नाही. हे सगळे पाहिल्यावरही 'माझा एव्हरेस्ट' असे म्हणणे मला अवघड वाटते. दोर ज्याने बांधला, प्राणवायूच्या नळ्या ज्याने वाहिल्या, त्याचे नाव छायाचित्राखाली पहिल्या ओळीत यायला हवे. त्याच्या विम्याचे काय, त्याच्या मागे राहिलेल्यांचे काय, हे विचारल्याशिवाय मोहीम पक्की करू नये. गिरिप्रेमीसारख्या संस्था वर्षानुवर्षे टिकून राहिल्या, एका शिखरापाशी न थांबता पुढची पिढी घडवत राहिल्या, म्हणून त्यांच्याकडून ही अपेक्षा जास्त आहे.

एकट्याने निघालेल्याला वाचवायला किती जण लागतात ते २०१८ मध्ये दिसले. अभिलाष टॉमी गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत सुहैलीसारखीच बांधलेली 'तुरिया' घेऊन निघाले होते. ही नौकाही गोव्याचीच, दांडेकरांच्या कारखान्यातली. दक्षिण हिंदी महासागरात २१ सप्टेंबरला वादळाने डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला इतकी दुखापत झाली की उठता येईना. शोधाचा समन्वय ऑस्ट्रेलियातून झाला, भारतीय नौदलाचे विमान वरून घिरट्या घालून आले, दोन देशांच्या युद्धनौका निघाल्या, त्याच शर्यतीतला आयर्लंडचा ग्रेगर मॅकगकिन स्वतःची डोलकाठी मोडलेली असताना त्यांच्या दिशेने सरकू लागला, आणि शेवटी २४ सप्टेंबरला फ्रान्सच्या 'ओसिरिस' या मत्स्यगस्ती नौकेने त्यांना उचलले. त्या लोकांनी बिल विचारले नाही. समुद्रावरचा हा जुना धर्म आहे. टॉमी पुन्हा चालायला शिकले आणि २०२२ च्या शर्यतीत उतरून एप्रिल २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने पोचले. त्यांच्या हिमतीबद्दल मला आदरच आहे. पण त्या तीन दिवसांत एका माणसासाठी जो जिवाभावाचा उद्योग झाला, तो साहसाच्या खात्यात नावे बाजूला लिहिलेला असतो, आणि तो कधी तरी, कोणासाठी तरी, फेडायचा असतो.

तो फेडता येतो याचा पुरावा सह्याद्रीने दिला आहे. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. एक प्रवासी सोडून सगळे गेले. भर पावसात त्या खोल दरीत दोर टाकून उतरले ते महाबळेश्वर आणि आसपासच्या गिर्यारोहक संघटनांचे तरुण. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र हेच काम वर्षानुवर्षे करत आले आहेत. सुट्टीच्या दिवशी हौसेने कड्यावर चढणारी ही पोरे. ती कड्यावर जे शिकली ते दुसऱ्याच्या मरणाच्या दिवशी कामाला आले. टपरीवरच्या प्रश्नाचे यापेक्षा चांगले उत्तर माझ्यापाशी नाही.

आता आमच्याकडे बघू. चिकोडी, निपाणी, रायबाग, हुक्केरी या पट्ट्यात कुठल्याही रस्त्यावर पहाटे पाचला शेकडो पोरे पळताना दिसतात. भरतीची तयारी. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, घराघरांत फौजेतला एखादा काका-मामा आहे, आणि शेती दोन-दोन एकरांवर आलेली आहे. त्यामुळे पळणे ही इथे हौस नाही, आशा आहे. अग्निवीर भरतीची वयाची मर्यादा ओलांडली की त्यातली बहुतेक पळायची थांबतात. एवढी कमावलेली छाती, एवढे पहाटे उठायचे वळण, सगळे एका दिवसात निरुपयोगी ठरते. पुण्या-मुंबईच्या मुलाला जी निवड मिळते ती या मुलाला मिळत नाही, कारण इथे ना गिर्यारोहणाचे प्रशिक्षण आहे, ना नौकानयनाचे, ना एखादी संस्था. दोन-तीन लाखांची सायकल तर सोडाच.

आणि गरज मात्र दारात येऊन उभी राहते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर चढले आणि पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला. कारदगा-भोज, कल्लोळ-येडूर हे बंधारे तर जवळजवळ दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात. गावे तुटतात, म्हाताऱ्या माणसांना, जनावरांना काढायचे असते, आणि आपत्ती निवारण दलाची बोट येईपर्यंत लोक गच्चीवर बसून राहतात. ज्या संगमावर सातगौडा पाटलांनी मुनींना खांद्यावरून पलीकडे नेले त्याच संगमाच्या आसपासची ही गोष्ट आहे. नदी तीच, पोरांची ताकद तीच, पण दोर कसा बांधायचा, इंजिनाची बोट पुराच्या धारेत कशी धरायची, बुडालेल्याला पाण्याबाहेर काढल्यावर पहिली पाच मिनिटे काय करायचे, हे त्यांना कोणी शिकवलेले नाही.

हे शिकवणारी माणसे फार लांब नाहीत. कोल्हापूरच्या व्हाइट आर्मीच्या स्वयंसेवकांनी पुरात बोटी चालवल्या आहेत. गोव्यात नौकानयन आहे, बेळगावात लष्कर आहे, आणि कोल्हापूर-बेळगावात आयर्नमॅन, एव्हरेस्टवीर, ब्रेव्हेवाले डझनावारी आहेत. ज्यांच्या नावाचे फलक चौकात लागले त्यांनी मे महिन्यातले दोन आठवडे येडूरला किंवा कारदग्याला काढावेत. साखर कारखान्यांनी सत्कारावर होणारा खर्च दोन बोटी आणि पंचवीस जीवरक्षक जाकिटांवर करावा. भरतीतून राहिलेली पोरे शिकायला येतील का, अशी शंका मला मुळीच नाही. पहाटे पाचला ती तशीही रस्त्यावर असतात.